नाताळची सुट्टी आणि घरचा खाऊ

भगिनींनो, ‘नाताळ’ हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो परका आहे हे कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्या भाषेत ख्रिस्तजन्माच्या सणाला हेच नाव आहे. पुढे इंग्रजी अमदानीत डिसेंबरच्या अखेरीस कचेऱ्या, कोर्टे व शाळा बंद राहू लागल्या आणि सुट्टीला नाव मात्र पोर्तुगीजांचे राहिले. मौज अशी की ही सुट्टी आपल्या पुढाऱ्यांनी इंग्रजांविरुद्धच वापरली. वकील आणि मास्तर त्याच आठवड्यात मोकळे असत, म्हणून काँग्रेसची पहिली बैठक मुंबईला भरली ती २८ डिसेंबर १८८५ रोजी. पुढे १९०४ च्या डिसेंबरात मुंबईलाच रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भारत महिला परिषद भरली. त्या परिषदेला गेलेल्या बायकांच्या घरी त्या दिवशी चूल कोणी पेटवली, हे मात्र मला कुठे वाचायला मिळालेले नाही. सुट्टी पोरांना असते आणि पुरुषांना असते. आपल्याला त्या आठवड्यात दोन वेळच्या स्वयंपाकावर चार वेळचा खाऊ वाढतो, हे सर्वांना ठाऊकच आहे.

तरी तो खाऊ करण्यात सुख असते, हेही खोटे नाही. आपल्या सोलापुरात या दिवसांत पहिला मान हुरड्याचा. शेताच्या बांधाला खड्डा करून आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कोवळी कणसे खुपसायची आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढायचे. चोळणाऱ्याचे तळवे भाजून निघतात. खाणारा बसून ‘आण आणखी’ म्हणतो. चोळणारी बहुधा बाईच असते. जोडीला शेंगांची चटणी, गूळ आणि कवडीचे दही. हुरड्याला गूळभेंडी चांगली, कारण दाणा गोड आणि बोंडातून लवकर सुटतो. भाकरीला मात्र मालदांडी. तिचे निवडक वाण आपल्याच मोहोळच्या शेतकी केंद्रावर तयार झाले. ज्वारी म्हणजे आपले हाडामांसाचे धान्य असे आपण म्हणतो, पण तीही मूळची आफ्रिकेची. जाणकार सांगतात की सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली. चार हजार वर्षे राहिल्यावर तिला परकी कोण म्हणेल?

शेंगदाण्याचे तसे नाही, तो अगदी अलीकडचा पाहुणा. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही तिकडचीच, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. म्हणजे जिच्यावाचून सोलापूरकराचा घास उतरत नाही ती शेंगांची चटणी शिवाजीमहाराजांच्या पणजोबांनी बहुधा चाखलीही नसेल. पेरूही त्याच वाटेने आला. आमच्या आजेसासूबाई सोवळ्याच्या फार कडक होत्या. परक्याचे पाणीही चालत नसे. पण एकादशीला त्यांना शेंगदाणे, बटाटा, रताळे आणि साबुदाणा चाले, आणि ही चारही अमेरिकेतली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोसुद्धा. त्यांच्या हयातीत मला हे ठाऊक नव्हते हे बरेच झाले. जुने आणि आपले म्हणायचे तर बोर. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून उत्खनन केले, तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत बोरे खाल्ल्याच्या खुणा मिळाल्या. पोरे तेव्हाही खिसे भरून बोरे आणत असतील आणि आया खोकल्याच्या नावाने ओरडत असतील. फक्त खिसे नसतील एवढेच.

सगळीच वर्षे काही हुरड्याची नव्हती. १९७२ च्या दुष्काळात सासूबाई सतरा वर्षांच्या होत्या. त्या हिवाळ्यात शेतात कणीसच नव्हते. त्या आईबरोबर खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना तुटे. कामावर सुकडी वाटत, तोच त्या सुट्टीतला खाऊ. सासूबाई आजही सुकडीचे नाव काढू देत नाहीत, पण धाकट्या भावासाठी आपल्या वाट्यातली पदरात बांधून आणत असे, हे मात्र सांगतात.

आता हलव्याविषयी. तीळ अस्सल इथला. हडप्पाच्या उत्खननातही जळालेले तीळ सापडले आहेत. हलव्याला मात्र साखर लागते आणि साखर पूर्वी गोरगरिबांच्या घरी कुठली? त्यांची संक्रांत गुळावरच होई. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखाना सुरू झाला, पुढे असे कारखाने जागोजाग निघाले, तरीही रेशनची साखर मोजूनच मिळे. आमच्या माहेरी ती दिवाळीपासून वाचवून ठेवीत आणि नाताळच्या सुट्टीत हलव्याला बसत, कारण शेगडीला वारा घालायला पोरे घरी असत. हलवा करणार आत्या. पाकात थोडे दूध घालून ती मळी काढी, मंद निखाऱ्यावर परात ठेवी, आणि तिळांवर चमचाभर पाक सोडून बोटांनी हलवीत राही. घाई केली की गोळा होतो, ऊन वाढले की काटा येत नाही. म्हणून पहाटेची थंडी हवी. असे चार-पाच दिवस. तिच्या हलव्याचा काटा जाईच्या कळीसारखा. गल्लीतल्या नव्या सुनांचे आणि बाळांच्या बोरन्हाणाचे दागिने तिच्याच हलव्याचे असत.

आणि हळदीकुंकवाच्या दिवशी आत्या माजघरात बसे. पंचविसाव्या वर्षी तिचे कुंकू गेले होते. बायका तिच्या हलव्याची तारीफ करीत, तो वाटीने लुटीत, पण तिला कोणी दाराबाहेर बोलावीत नसे. तीही येत नसे. मी लहानपणी विचारले तेव्हा आई म्हणाली, “तिला आवडत नाही गर्दी.” आत्याला गर्दी फार आवडे. जत्रेला तीच सर्वांच्या पुढे असे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या चाली बंद केल्या आणि त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना तसेच करण्याविषयी परिपत्रक काढले. एक खेडे करू शकते ते शहरातले मंडळ करू शकणार नाही काय? गेल्या वर्षी आपल्या सभेत मी हा विषय काढला होता. काही भगिनी म्हणाल्या, तिळगूळ सर्वांना द्यावा, पण कुंकू राहू द्यावे. काहींनी मान खाली घातली. चहा आला आणि विषय राहिला.

आत्या आता ऐंशीची आहे. हात कापतात, पण पाकाचा थेंब कधी सोडायचा हे परातीकडे पाहून सांगते. ज्यांना काटेदार हलवा शिकायचा असेल त्यांनी या नाताळच्या सुट्टीत पहाटे पाचला आमच्या घरी यावे. येताना जाड बुडाची परात आणावी. आणि संक्रांतीच्या आधीच्या सभेत तो विषय मी पुन्हा काढणार आहे. त्या सभेला आत्याही येणार आहे.