आगबोट, कचराकुंडी आणि फलाटावरची गर्दी

सप्टेंबर १९२२. वॉशिंग्टनजवळच्या ॲनाकोस्टिया इथे अमेरिकी नौदलाचे हॉइट टेलर आणि लिओ यंग रेडिओलहरींची चाचणी घेत होते. प्रक्षेपक एका काठावर, ग्राहकयंत्र पाण्यापलीकडे. मधून ‘डॉर्चेस्टर’ नावाची लाकडी आगबोट गेली आणि सुरळीत येणारा संदेश एकदम डळमळू लागला. शत्रूची जहाजं अशीच हुडकता येतील, असं दोघांनी वरिष्ठांना लिहून कळवलं. वरिष्ठांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

बोटीने जे केलं, ते माणूसही करतो. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी वाय-फायच्या लहरी बऱ्यापैकी शोषून घेतं. म्हणजे खोलीतला प्रत्येक जण लहरींवर आपली सावली पाडतच असतो. तरीही माणसं मोजायची वेळ आली तेव्हा या सावलीकडे आधी कोणी फारसं वळलं नाही, कारण त्याहून सोपी युक्ती खिशातच होती. वाय-फाय सुरू असलेला फोन नेटवर्क शोधताना आपला ठरलेला यंत्र-पत्ता हवेत पुकारत असे. ते पुकारे मोजले की झालं!

लंडनमध्ये या सोपेपणाचा मोह एका जाहिरात कंपनीला पडला. तिने रस्त्यावरच्या कचराकुंड्यांत यंत्रं बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन टिपले. ऑगस्ट २०१३ मध्ये ओरड झाली आणि नगर प्रशासनाने ते बंद करायला लावलं. पुढच्याच वर्षी आयफोनच्या नव्या प्रणालीत, नेटवर्क शोधताना खोटे, बदलते पत्ते पुकारण्याची सोय आली. एकच फोन दहा नावांनी हाक मारू लागला, तर शिरगणती करणाऱ्याने करायचं काय?

त्याच शहराच्या भुयारी रेल्वेने मात्र फोनच्या वाय-फायवरून प्रवाशांची वाट ओळखण्याचा प्रयोग उघडपणे, फलक लावून केला. तोवर तिकिटावरून माणूस कुठे आत शिरला आणि कुठे बाहेर पडला एवढंच कळे. मधली वाट अंदाजाने किंवा कागदी पाहणीतून. २१ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर २०१६ या काळात ५४ स्थानकांवर सुमारे ५६ लाख उपकरणांच्या नोंदी झाल्या. किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जाणारे लोक किमान १८ वेगवेगळ्या वाटा धरतात, असं त्यातून दिसलं. नकाशा काढणाऱ्यांनाही हे वाचून गंमत वाटली असेल. जुलै २०१९ पासून ही मोजणी कायमची सुरू झाली.

फोन नसलेला, किंवा बंद ठेवणारा माणूस मात्र या हिशेबात कुठेच नाही.

सावलीची वाट तोवर विद्यापीठांत खुली झाली होती. २००७ मध्ये मुस्तफा युसूफ आणि सहकाऱ्यांनी, अंगावर कुठलंही उपकरण नसलेला माणूस लहरींतल्या बदलांवरून ओळखण्याची कल्पना मांडली. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठात यास्मिन मोस्तोफी यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. जागेच्या एका बाजूला वाय-फाय पाठवणारं यंत्र, समोर घेणारं, मध्ये फिरणारी माणसं. थेट रेषा किती वेळा अडते आणि अंगावरून लहरी किती विखुरतात, या दोन्हींचं गणित मांडून २०१५ मध्ये त्यांनी नऊ जणांपर्यंत मोजदाद केली. २०१८ मध्ये दोन्ही यंत्रं भिंतींबाहेर ठेवून आतले वीस जण मोजून दाखवले. खिशात फोन असण्याची अट यात नव्हतीच. ‘डॉर्चेस्टर’वर तरी कुठे होता?