ल्युपस आणि किडनी : औषधं आली, खूण कुठंय?

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटणं. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, त्याही बहुतेक तरुण. आजार किडनीत शिरला की डायलिसिसची भीती. यावरच्या संशोधनाचा इतिहास मी वाचतोय, आणि त्यातली एक गोष्ट खटकते. ती मांडतो.

१९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्ह्ज यांनी रुग्णांच्या अस्थिमज्जेत ‘एलई पेशी’ दाखवली. प्रयोगशाळेत सापडलेली ल्युपसची ही पहिली खूण. १९५७ मध्ये रक्तात डीएनएविरोधी अँटीबॉडी मिळाल्या. त्याच दशकात सुईनं किडनीची बायोप्सी करणं सुरू झालं.

उपचार मात्र सरसकट प्रतिकारशक्ती दाबण्याचेच. आधी स्टेरॉइड, मग जोडीला सायक्लोफॉस्फामाइड. त्यानं किडन्या वाचतात हे १९८६ च्या अमेरिकन चाचणीनं दाखवलं. पण किंमत? कित्येक तरुणींची आई होण्याची क्षमताच गेली. २००२ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅम, असे फक्त सहा डोस देऊन पाहिले. निकाल मोठ्या डोसच्या तोडीचा आला. पुढे चंडीगडच्या पीजीआयमध्ये १०० रुग्णांवर हाच छोटा डोस मायकोफेनोलेटच्या बरोबरीचा ठरला.

मग नेमका नेम धरायचे प्रयत्न सुरू झाले. बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब २०१२ च्या मोठ्या चाचणीत कसोटीला उतरलं नाही. बेलिमुमॅबला २०२० मध्ये आणि व्होक्लोस्पोरिनला २०२१ मध्ये अमेरिकेत ल्युपसच्या किडनीविकारासाठी मंजुरी मिळाली.

आता खटकणारी गोष्ट. कुणाला कुठलं औषध लागू पडेल हे आधी सांगणारी भरवशाची खूण रोजच्या वापरात आजही नाही. डॉक्टरांची भिस्त लघवीतलं प्रोटीन, सी३-सी४, डीएनए अँटीबॉडी आणि बायोप्सी यांच्यावरच. म्हणजे बरंचसं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचंच! बरं, लघवी सुधारली तरी किडनीत सूज शिल्लक असू शकते. लघवीतल्या पेशी आणि प्रथिनांतून ही खूण शोधण्याचं काम जगभर चालू आहे.

माझं मत स्पष्ट आहे. औषध विकणारी कंपनी असते, पण ‘हे औषध तुला नको’ असं सांगणारी तपासणी विकण्यात कुणाला फारसा रस नसतो. त्यामुळे तिथे सरकारी पैसा लागायलाच हवा, आपल्याकडेही.

तोवर एक करा. घरातल्या मुलीचे सांधे दुखतात, गालावर चट्टे येतात, तोंड वारंवार येतं, पाय सुजतात, तर डॉक्टरांना दाखवा आणि लघवीची तपासणी करून घ्या. स्वस्त आहे. किडनी दुखत नाही, ती गुपचूप जाते.