लाकूड लागलेली बिअर

चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेन शहरात ‘पिल्स्नर उर्क्वेल’च्या तळघरांत आजही थोडी बिअर ओकच्या पिंपांत ठेवली जाते, आणि ती पिंपं बांधणारे कारागीर कंपनीच्या पगारावर आहेत. त्यांच्या कामातला सगळ्यात बघण्याजोगा भाग म्हणजे पिंपाला आतून राळ लावणं. राळ तापवून पातळ केली की ती बुचाच्या भोकातून आत ओततात, भोक बंद करतात आणि पिंप गडगडत फिरवतात, म्हणजे आतल्या प्रत्येक फळीवर सारखा थर बसतो. उरलेली राळ काढून टाकतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर बिअरला ओकचा स्पर्शही होऊ नये म्हणून. पिंप ओकचं असलं तरी बिअर राहते राळेच्या भांड्यात.

आज अमेरिकेतली किंवा युरोपातली एखादी क्राफ्ट ब्रुअरी ‘बॅरल-एज्ड’ असा शिक्का मारून बाटलीचे दुप्पट-तिप्पट पैसे घेते, ते नेमके त्या ओकच्या चवीचे. व्हॅनिला, नारळ, जळक्या साखरेचा वास, मागे रेंगाळणारी व्हिस्कीची ऊब. जाणकार ग्लासात नाक घालून हे सगळं ओळखतात आणि माना डोलावतात. त्यांच्या खापरपणजोबांच्या काळातल्या ब्रुअरने तो घोट थुंकून टाकला असता.

पिंप जन्माला आलं ते नेण्या-आणण्याच्या सोयीसाठी. रोमन लोक वाइन मातीच्या उंच अँफोरांत भरत, तेव्हा आल्प्सच्या परिसरातले लोक ती लाकडी भांड्यांत भरून वर कडी आवळतात, अशी नोंद थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात केली आहे. पोट फुगलेलं पिंप आडवं केलं की जमिनीला जेमतेम टेकतं, त्यामुळे एकटा माणूस ते लोटत नेऊ शकतो, वळवूही शकतो. मातीच्या भांड्याला हे जमत नव्हतं. बिअर त्या पिंपात गेली ती दुसरं बरं भांडं नव्हतं म्हणून.

इंग्रज ब्रुअर राळेच्या भानगडीत सहसा पडत नसत. ते लाकूडच पारखून घेत. बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदरातून (आज ते लिथुआनियातलं क्लायपेडा) येणारा ओक त्यांना पसंत असे, कारण त्याची चव बिअरला फारशी लागत नाही. अमेरिकन ओक मात्र नको, त्याचा वास बिअरला मारतो, ही त्यांची तक्रार. नवं पिंप उकळत्या पाण्याने, वाफेने धुऊन त्याचा वास घालवल्याशिवाय भरत नसत. गुत्त्यांतून परत आलेली रिकामी पिंपं हुंगायला खास माणसं नेमलेली असत. बुचाच्या भोकाला नाक लावायचं आणि आंबूस वास आला की पिंप बाजूला काढायचं, हेच दिवसभराचं काम.

मग ही मंडळी बिअर महिनोन् महिने लाकडात ठेवत होती ती कशासाठी? अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोर्टर नावाची काळपट बिअर मजुरांची लाडकी होती. ताजी पोर्टर उग्र लागे, मुरली की गोलाई येई. आधी ती पिंपांत मुरवत. मग एकेका ब्रुअरीने लाकडाच्या अवाढव्य टाक्या बांधल्या आणि कुणाची टाकी मोठी याची चढाओढ लागली. ही चढाओढ १७ ऑक्टोबर १८१४ रोजी अंगाशी आली. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या कोपऱ्यावरच्या म्यू कंपनीच्या ‘हॉर्स शू ब्रुअरी’त बावीस फूट उंचीची एक टाकी होती. तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक पिंपांएवढी, दहा महिने मुरलेली पोर्टर होती. दुपारी साडेचारच्या सुमाराला कोठाराचा कारकून जॉर्ज क्रिक याला टाकीचं एक लोखंडी कडं निसटून पडलेलं दिसलं. वजन सुमारे सातशे पौंड. वर्षातून दोन-तीनदा असं होतच असे, त्यामुळे वरिष्ठ म्हणाले, काही बिघडत नाही, मालकांपैकी एकाला चिठ्ठी लिहून ठेव. क्रिकने चिठ्ठी लिहिली. ती हातात धरून तो उभा असतानाच टाकी फुटली. लाटेने ब्रुअरीची मागची भिंत पाडली आणि मागच्या सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत घरांच्या तळमजल्यांत बिअर भरली. आठ जण मेले. सगळ्या बायका आणि मुलं. त्यांतले काही एका आयरिश घरात दोन वर्षांच्या पोराच्या मर्तिकाला जमलेले होते. चौकशीत हा अपघात ठरला, कुणावर ठपका आला नाही, आणि वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला अबकारी कर कंपनीला सरकारकडून परत मिळाला. मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई नाही.

त्या टाक्यांत खरं काम करत होते ते फळ्यांच्या भेगांत राहणारे जीव. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नील्स हेल्टे क्लाउसेन या संशोधकाने १९०४ मध्ये दाखवून दिलं, की इंग्लिश बिअरची मुरल्यानंतरची खास चव एका वेगळ्याच यीस्टमुळे येते. त्याने तिला नाव दिलं ब्रेटॅनोमायसीज, म्हणजे ब्रिटिश बुरशी. ओक हे तिचं घर होतं, एवढंच.

आपल्याकडे येणाऱ्या बिअरचंही तेच. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची आणि १८२०च्या दशकापासून बर्टनच्या ऑलसॉपची पेल एल केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला पोचे. गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरचीही पिंपं उतरत. समुद्रावर ती मुरत असे हे खरं. पण गोदीवर उतरलेल्या पिंपातून व्हॅनिलाचा वास आला असता, तर साहेबाने दलालाला धारेवर धरलं असतं.

विसाव्या शतकात आधी अ‍ॅल्युमिनियमचे आणि मग स्टेनलेस स्टीलचे केग आले. हुंगायला नको, कडी आवळायला नकोत. पिंपं बांधणाऱ्यांचा धंदा बसला. लाकूड उरलं ते काही हट्टी ठिकाणी: बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या ‘कँटिलॉन’मध्ये, रूसेलारेच्या ‘रोडेनबाख’च्या उभ्या टाक्यांत. तिथली आंबट बिअर लाकडातल्या जिवांच्या जोरावर जगते. या वळणावर लाकडाची कथा संपली असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

ती पुढे सरकली ती अमेरिकेतल्या एका नियमामुळे, आणि त्या नियमाचा बिअरशी काडीचाही संबंध नव्हता. दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावर व्हिस्कीच्या व्याख्या नव्याने ठरल्या, आणि त्याच दशकात पक्कं झालं की बर्बन म्हणवून घ्यायचं असेल तर ती आतून जाळलेल्या, नव्या ओकच्या पिंपातच ठेवली पाहिजे. नव्या म्हणजे खरोखर नव्या. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला कायमचं बाद. तेव्हापासून केंटकीत दर वर्षी धडधाकट, सुमारे दोनशे लिटरची पिंपं लाखांनी रिकामी होत आली आहेत. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांनी ती स्वस्तात उचलली, मेक्सिकोत ती टकीलासाठी गेली, उरलेली अर्धी कापून बागेत कुंड्या झाली.

ही पिंपं रिकामी म्हणायची ती नावापुरती. बांधताना आतून भडका देऊन लाकूड कोळसा होईपर्यंत जाळलेलं असतं, आणि त्या काळ्या थरामागच्या लाकडातली साखर तापून तांबूस झालेली असते. उन्हाळ्यात व्हिस्की फुगून तिथवर शिरते, हिवाळ्यात मागे सरते. अशी वर्षं गेल्यावर कित्येक लिटर दारू फळ्यांतच राहून जाते. लोणचं संपल्यावर बरणीतल्या खारात भात कालवून खाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

शिकागोत जॉन हॉल यांनी १९८८ मध्ये ‘गूज आयलंड’ सुरू केली. त्यांचा मुलगा ग्रेग तिथे ब्रूमास्टर होता. इंडियानातल्या साउथ बेंड गावी बिअर, बर्बन आणि सिगार अशा एका मेजवानीत त्याची गाठ पडली बुकर नो यांच्याशी. जिम बीम यांचा हा नातू, भल्या अंगाचा, बर्बनमधला दादा माणूस. बोलता बोलता रिकाम्या पिंपांचा विषय निघाला आणि ग्रेगला जिम बीमची सहा पिंपं मिळाली. ब्रुअरीचा हजारावा घाणा जवळ आला होता. त्यासाठी त्याने दाट, काळी, कडक इम्पीरियल स्टाउट केली आणि ती या पिंपांत भरून ठेवली. कंपनी वर्षानुवर्षं १९९२ हे साल सांगत आली. शिकागोचे पत्रकार जॉश नोएल यांनी शोध घेतला तेव्हा पुरावे १९९५ कडे बोट दाखवू लागले. मला नोएल यांचंच पटतं. धंद्यात आपणच पहिले असं म्हणायचं असलं की साल थोडं मागे सरकतंच. त्या काळच्या स्पर्धांत अशा बिअरसाठी वर्गच नव्हता. परीक्षकांपुढे प्रश्न होता की हिला स्टाउट म्हणायचं की व्हिस्की सांडलेली स्टाउट.

स्टाउटच का, यालाही कारण आहे. हलकी बिअर या पिंपात घातली तर ओक तिला गिळून टाकतो. भाजलेल्या माल्टचा कडवटपणा, उरलेली साखर आणि दहा-अकरा टक्क्यांच्या पुढचं अल्कोहोल असेल तरच बिअर लाकडासमोर टिकते. अल्कोहोल जास्त असलं की लाकडातलं व्हॅनिलिन, नारळाच्या वासाचे लॅक्टोन उतरतात, आणि फळ्यांतली व्हिस्की मिसळून कडकपणा आणखी एक-दोन टक्के चढतो. इंग्रजांनी ज्या अमेरिकन ओकला नाकं मुरडली, त्याच्यातच हे लॅक्टोन भरपूर.

स्कॉटलंडमध्ये हेच उलट्या बाजूने घडलं. विल्यम ग्रँट कंपनीला एलच्या वासाची व्हिस्की हवी होती, म्हणून एडिंबराच्या ब्रुअर डगल शार्प यांच्याकडून बिअर करवून घेऊन ती पिंपांत मुरवत आणि काम झालं की मोरीत ओतत. कामगारांनी ती ओतण्याआधी चाखली, आणि ओतायचं प्रमाण घटलं. २००३ मध्ये ‘इनिस अँड गन’ उभी राहिली ती त्यातूनच.

पुढे अमेरिकेत जो तो पिंपं मागवू लागला. रमची, टकीलाची, वाइनची, मेपल सिरप ठेवलेली. यांतल्या बऱ्याच बिअर मला उगाच भारी वाटतात. एका ग्लासात मिष्टान्नाचं सगळं ताट कोंबायचा अट्टहास. २०११ मध्ये गूज आयलंड अनहायझर-बुशने ३ कोटी ८८ लाख डॉलरला घेतली, आणि मग लाकडाने आपला जुना स्वभाव दाखवला. ग्रेगच्या त्या स्टाउटपासून सुरू झालेल्या ‘बर्बन काउंटी’ मालिकेतल्या २०१५ च्या काही बाटल्या आंबट निघाल्या. दोषी लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिटोटॉलरन्स, म्हणजे अ‍ॅसेटिक आम्लालाही न जुमानणारा जिवाणू. ग्राहकांना पैसे परत दिले गेले आणि पुढच्या वर्षीपासून ही बिअर पाश्चराइझ होऊ लागली. हुंगणाऱ्यांनी ते पिंप आधीच बाजूला काढलं असतं का, सांगता येत नाही. व्हिस्कीच्या वासापुढे त्यांचंही नाक चाललं नसतं.

आपल्याकडे ‘डूलाली’ने पुण्यात २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी सुरू केली (नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या इंग्रजी उच्चारावरून), आणि नंतर पुण्या-मुंबईत अशा ब्रुअरीज बऱ्याच झाल्या. त्यांना बिअर पिंपात मुरवायची असेल तर पिंपांची अडचण नसावी: गोव्यात ‘पॉल जॉन’ची सिंगल माल्ट बर्बनच्याच जुन्या पिंपांत मुरते. अडचण आहे ती हवेची. केंटकीत उन्हाळा लाकडात दारू ढकलतो आणि हिवाळा ओढून घेतो; पुण्यात मार्च ते मे बिअर उघड्या कोठारात ठेवली, तर ती मुरण्याआधी नासायची. थंड खोलीत ठेवावी तर लाकूड आळसावतं आणि विजेचं बिल वर्षभर चालू राहतं. शिवाय त्या खोलीत बिनपिंपाच्या बिअरचे कितीतरी घाणे निघून विकलेही गेले असते, हा हिशेब ब्रुअर आधी करतो.