पेलणें आणि ठेवणें

सीतास्वयंवराची कथा आपल्या घरांतून लहानपणापासून ऐकण्यांत येते. शिवधनुष्य उचलावयास गेलेला रावण त्याच धनुष्याखालीं सांपडला आणि सभा हंसली. रामचंद्रांनीं तें लीलेनें उचललें, परंतु प्रत्यंचा चढवितांना तें दुभंगलें. कथेच्या दृष्टीनें दोन्ही गोष्टी यथायोग्यच आहेत. पण एखाद्या गिरणींतील वृद्ध खलाशास ही कथा ऐकविली, तर त्याच्या मनांत निराळाच विचार येईल असें आम्हांस वाटतें. जड वस्तु उचलावयास दोघे पुढें आले; एक तिच्याखालीं सांपडला, दुसऱ्याच्या हातीं ती मोडली; ती जशीच्या तशी पुन्हां जागेवर ठेवणें मात्र कोणासच साधलें नाहीं!

आपल्या भाषेनें या ठिकाणीं मोठी मार्मिकता दाखविली आहे. शिवधनुष्य 'उचलणें' असें आपण म्हणत नाहीं, 'पेलणें' असें म्हणतों. उचलणें हें बळाचें काम आहे. पेलणें हें धीराचें व युक्तीचें. यंत्रांच्या इतिहासांत बळाचीं वर्णनें पानोपानीं आढळतात. उचललेली वस्तु मध्येंच थांबवून धरणें, ती अलगद खालीं सोडणें आणि त्या वेळीं खालच्या माणसाचा जीव सुरक्षित राखणें, या विद्येचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. तो थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जड ती वस्तु दणकट, असें आपण सहज धरून चालतों. वस्तुतः जडपणा हाच पुष्कळदां नाजुकपणाचें कारण होतो. बिडाचें लोखंड घ्या. त्यावर कितीही भार ठेवला तरी तें सहन करील. पण तें ताणलें किंवा आपटलें गेलें कीं कांचेसारखें तडकतें. कप खालीं पडला तर कदाचित् वांचेल. दोन टनांचें बिडाचें झांकण वीतभर उंचीवरून पडलें तरी स्वतःच्याच वजनानें फुटेल. एंजिनाचा मोठा आंस ज्या बेअरिंगांवर फिरतो त्यांना आंतून मऊ धातूचें अस्तर असतें. दुरुस्तीसाठीं आंस वर काढतांना तो तिळभर तिरपा होऊन टेकला, तर त्या अस्तरावर ओरखडा उठतो आणि पुढें यंत्र सुरू झाल्यावर तीच जागा तापूं लागते. तात्पर्य, यंत्राची एक परीक्षा तें चालत असतांना होते, तशी दुसरी, आणि अधिक कठीण, तें दुरुस्तीसाठीं उघडलें असतां होते.

ही अडचण यंत्रयुगाहून जुनी आहे. आलेक्झांड्रिया येथील हेरॉन या यंत्रज्ञाचा एक ग्रंथ अरबी भाषांतराच्या रूपानें आज उपलब्ध आहे. दगडास वरून खांच पाडून तींत लोखंडी खुंट्या अडकवावयाच्या व दगड उचलावयाचा, ही रीत सांगतांना तो बजावतो कीं, हें लोखंड फार कठीण नसावें, कारण तें तुटेल. फार मऊही नसावें, कारण तें वांकेल. दोन हजार वर्षांपूर्वींच्या या माणसास चिंता वजनाची नाहीं, वजन धरून ठेवणाऱ्या आंकड्याची आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

इ. स. 1586 मध्यें रोम येथें दोमेनिको फोंताना यानें सुमारें सव्वातीनशें टनांचा एकसंध मिसरी स्तंभ जुन्या जागेवरून काढून सेंट पीटरच्या देवालयासमोर उभा केला. नऊशें माणसें, पाऊणशें घोडे आणि चाळीस रहाट यांचें वर्णन सर्वत्र दिलेलें असतें. आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच तपशिलांकडे. दगड दुखावूं नये म्हणून त्यास आधीं चटया, फळ्या व लोखंडी पट्ट्या यांचा अंगरखा चढविला होता. तुतारी वाजली कीं सर्वांनीं ओढावयाचें, घंटा वाजली कीं थांबावयाचें. मध्यें कोणी शब्द बोलावयाचा नाहीं, अशी सक्त ताकीद होती. आणि स्तंभ जसजसा वर उचलला जाई, तसतसे सुतार डोक्यांत लोखंडी टोप घालून त्याच्याखालीं पाचरी ठोकीत. दोर तुटलाच, तर स्तंभानें पडावें कोठें याचा विचार तो उचलण्यापूर्वींच झालेला होता.

वाफेचें युग आलें आणि पुष्कळांस वाटलें कीं आतां बळ अमर्याद झालें, चिंता सरली. प्रत्यक्षांत चिंता वाढली. ओतशाळेंत वितळलेलें लोखंड कित्येक टनांच्या भांड्यांतून सांच्यांत ओतीत. तें भांडें लांब दांड्यांनीं माणसें कलवीत. एकाचा पाय घसरला कीं काय होई तें सांगावयास नको. जेम्स नॅस्मिथ यानें 1838 मध्यें भांड्यास दांत्यांचें चाक व त्यांत बसणारें मळसूत्र जोडलें. मळसूत्र फिरवावें तेवढेंच भांडें कलतें; हात सोडला तर तें आहे तेथेंच थांबतें. या शोधाचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं; आकृत्या काढून त्या ओतशाळांकडे धाडून दिल्या. मोठमोठ्या शोधांच्या यादींत या लहानशा मळसूत्रास स्थान मिळत नाहीं. पण त्यानें किती माणसांचे हातपाय राखले असतील!

पुढें 1849 च्या ऑगस्टांत वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पुलाची दीड हजार टनांहून जड लोखंडी नळी पाण्याच्या दाबयंत्रांनीं वर चढविली जात होती. रॉबर्ट स्टीफन्सन याचा आग्रह असा कीं, नळी इंचभर चढली कीं तिच्याखालीं इंचभर भर पडलीच पाहिजे. आधीं फळ्या, मागाहून बांधकाम. दाबयंत्र समर्थ असतांना हा खटाटोप कशास, असें कोणासही वाटण्याजोगें होतें. एके दिवशीं त्याच समर्थ यंत्राचें बूड फुटलें. एका खलाशाचा त्यांत बळी गेला. नळी मात्र कांहीं इंचच खालीं येऊन त्या भरीवर टेकली. भर नसती तर ती समुद्राच्या तळाशीं गेली असती आणि किती माणसें बरोबर नेली असती याचा अंदाज करवत नाहीं. आपल्याकडे मुंबईपासून पहिला लोहमार्ग घालणारा व बोरघाटाचा मार्ग आखणारा जेम्स बर्कले हा याच स्टीफन्सनच्या हाताखालीं तयार झाला होता, हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

याच्या उलट अनुभव 1857 च्या नोव्हेंबरांत टेम्स नदीकांठीं आला. 'ग्रेट ईस्टर्न' हें प्रचंड जहाज पाण्यांत सोडतांना तें एकाएकीं सरकलें. सांखळीला हिसका बसला आणि रहाटाचे दांडे उलटे गरगर फिरून त्यांवरील माणसें दूर फेकलीं गेलीं. त्यांत प्राणहानि झाली. रहाटास ओढतां येत होतें, पण पेलतां येत नव्हतें, हाच त्या दिवसाचा धडा होय.

तो धडा ज्या साधनांत उतरला आहे तें आज लहानमोठ्या सर्व कारखान्यांत दिसतें. टॉमस वेस्टन याची सांखळीची कप्पी 1862 च्या लंडन प्रदर्शनांत मांडली गेली व तिला पदक मिळालें. तिची युक्ति फार सोपी आहे. वर एकाच आंसावर दोन चाकें, एक किंचित् मोठें, दुसरें किंचित् लहान. एकच अखंड सांखळी दोहोंवरून जाते. ओढली कीं मोठें चाक जितकी सांखळी गुंडाळतें त्याहून थोडी कमी लहान चाक सोडतें; त्या फरकाच्या निम्म्यानें ओझें वर चढतें. परिघांत दोन इंचांचा फरक असला, तर एका फेऱ्यास ओझें एक इंच उचललें जातें. यांत घर्षण पुष्कळ होतें. माणसाच्या श्रमाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांतच खर्च होतो. यंत्रशास्त्रज्ञ एरवीं घर्षणास शत्रु मानतात. परंतु घर्षण इतकें असतें म्हणूनच सांखळी हातून सुटली तरी ओझें खालीं धांवत नाहीं. जेथल्या तेथें लोंबत राहतें. निम्मे श्रम वायां जातात असें हिशेबनिसास वाटेल. आमच्या मतें तें खालीं उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचें मोल आहे.

मुंबईस पहिली कापडगिरणी 1854 मध्यें स्थापन झाली. तेव्हांपासून गिरण्यांतून व रेल्वेच्या कारखान्यांतून हीं साधनें आलीं, आणि तीं चालविणारा खलाशीही आला. नांवाप्रमाणें तो जहाजावरचा. त्यानें आपली भाषाही बरोबर आणली: ओझें वर घ्यावयाचें तर 'हबेस', खालीं सोडावयाचें तर 'आरिया'. यांतील 'आरिया' हा शब्द पोर्तुगीज दर्यावर्द्यांकडून आलेला आहे. फोंतानाच्या तुतारी-घंटेचें काम येथें हे दोन शब्द करीत आले.

आम्हीं एकदां एका कारखान्यांत एंजिनाचें झांकण उतरवितांना पाहिलें. कप्पी उत्तम होती. परंतु तिच्या सांखळीची एक कडी तुटलेली असून तिच्या जागीं साधा बोल्ट घातला होता. मुकादमास विचारलें, तेव्हां 'इतके दिवस चाललें आहे' असें उत्तर मिळालें. त्या दिवशींही चाललें. पण झांकण वर जात असतां एक वृद्ध खलाशी, कोणी न सांगतां, त्याच्याखालीं लांकडाचे ठोकळे सरकवीत होता. त्यानें स्टीफन्सनचें नांव ऐकलें नसावें. 1948 च्या कारखाने-कायद्यांत अशा सांखळ्यांची वर्षांतून एकदां तरी जाणत्याकडून तपासणी व्हावी असें घातलें गेलें. कायदा योग्यच होता. तथापि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ओझ्याखालीं ठोकळा सरकविणारा हातच लागतो.

फोंतानाचे सुतार, स्टीफन्सनच्या फळ्या आणि त्या खलाशाचे ठोकळे, या तिहींत आम्हांस एकच विद्या दिसते. उचलणाऱ्याचें नांव जगांत राहतें. ठेवणाऱ्याचें काम नीट झालें, तर कांहींच घडत नाहीं, आणि जें घडलें नाहीं त्याचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. कारखान्याचा भोंगा होतो, दिवे मालवतात आणि सगळीं माणसें आपापल्या घरीं पोंचतात, एवढेंच.