भिंतीवरून बेटावर: वारली चित्र मुंबईला कसं पोचलं

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा घाटाखाली रेंजच येत नसेल, तर हा लिहून दिलेला मजकूर तुमच्यासाठी. सावकाश वाचा.

सुरुवात धसईपासून करू. मुरबाड तालुक्यातलं आपलं हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये अचानक टीव्हीवर झळकलं. नोटाबंदीनंतर ‘कॅशलेस गाव’ म्हणून. वडापाववाल्याकडे कार्डाचं मशीन, किराणा दुकानात मशीन, आणि समोर कॅमेरे घेऊन आलेले पत्रकार. म्हणजे बँक आपल्या गावात आली, मोबाईल आला, आता तर पेमेंटही खिशातून होतं. पण मला एक सांगा, आपल्यापैकी किती जण आजपर्यंत चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलेत? शाळेच्या सहलीत म्युझियम पळत पळत बघितलं ते सोडा. स्वतःहून, ठरवून?

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात चांगली दहा मिनिटं उभा होतो. तिकीट किती असेल, कोणी हटकेल का, चप्पल काढायची का, काही कळेना. शेवटी कॉलेजच्या पोरांचा एक घोळका आत शिरला, त्यांच्या मागोमाग मीही घुसलो. तिकीट नव्हतंच. आत जायला एक रुपया लागत नाही, आणि दहा मिनिटं मी बाहेर उन्हात!

तर आजची गोष्ट ह्या दाराची आहे. ह्याच इमारतीत १९७५ साली आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका आदिवासी माणसाची चित्रं लागली होती. ती तिथपर्यंत कशी पोचली, आणि पोचताना वाटेत काय काय मागे राहिलं, ते बघू.

आधी बेट समजून घेऊ

आपण ‘मुंबईला चाललो’ म्हणतो, ‘बेटावर चाललो’ असं कोणी म्हणत नाही. पण खरं तर आपण बेटावरच जातो. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं भराव घालून जोडली आणि शहर तयार झालं. त्याच्या उत्तरेला साष्टी, तेही बेटच. एसटीने कल्याणला आलात, लोकल पकडलीत, की कळव्यानंतर गाडी खाडीवरून जाते ना, तिथे तुम्ही साष्टी बेटावर पाऊल ठेवता. पुढे कुर्ला ते सायन जाताना जुन्या मुंबई बेटावर.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. मुरबाडला मात्र अजून रेल्वे नाही. म्हणजे बेट आणि आपलं अंतर मैलांत मोजू नका, ते कल्याणच्या एसटी स्टँडवर मोजा.

ह्या बेटावर कलेच्या जागा एकामागून एक उभ्या राहिल्या. १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. १८७२ मध्ये भायखळ्याचं म्युझियम लोकांसाठी उघडलं, त्यालाच आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडलं, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आणि त्याच्याच शेजारी, काळा घोड्याला, १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी ह्या गॅलरीला पैसे दिले, म्हणून तिचं नाव जहांगीर.

ह्या सगळ्या वर्षांत आपल्या डोंगराकडच्या पाड्यांवर चित्रं काढली जातच होती. फक्त त्यांना कोणी चित्र म्हणत नव्हतं.

भिंतीवरचा चौक

वारली घर आठवा. कारवीचा कूड, त्यावर शेण-मातीचा गिलावा, वरून गेरूचा हात. तांदूळ पाण्यात वाटून केलेला पांढरा रंग आणि ब्रश म्हणून टोक ठेचलेली बांबूची काडी. बाजारातून काहीच आणायचं नाही.

लग्न असलं की घरात चौक काढायचा. चौकटीच्या आत पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, नाचणारी माणसं. हा चौक काढायचा मान सवाशिणींचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. चौकाशिवायही लागत नाही. थोडक्यात काय, हे चित्र म्हणजे सजावट नव्हतीच. लग्नविधीचा तो भाग होता. लग्न झालं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली, की चित्र संपलं. पुढच्या लग्नाला नवीन चित्र.

आता व्हॉट्सॲपवर येतं ना, ‘वारली कला इतक्या हजार वर्षांपूर्वीची’? त्याच्याकडे जरा सावध बघा. परंपरा जुनी असणारच. पण दर वेळी सारवून टाकलेल्या भिंतीवर हजार वर्षांचा पुरावा उरत नाही. इतिहासात हे महत्त्वाचं असतं. जे पुसलं जातं त्याचं वय सांगता येत नाही.

त्याच लग्नाची दुसरी बाजू

इथे थोडं थांबूया, कारण चित्रांच्या पुस्तकांत ही बाजू फार कमी येते.

ज्या लग्नासाठी घरातल्या बाया असा सुंदर चौक काढायच्या, त्याच लग्नासाठी घरचा माणूस सावकाराकडून कर्ज काढायचा. थोडेसेच पैसे. ते फिटायचे नाहीत, आणि मग तो सावकाराकडे ‘लग्नगडी’ म्हणून राबायचा. म्हणजे लग्नाच्या कर्जापायी गुलामी, अनेकदा नवरा-बायको दोघांची. वर वेठबिगार वेगळीच.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला, म्हणजे आपल्या अगदी हाकेच्या अंतरावर, किसान सभेची परिषद झाली. तिथून गोदावरी आणि शामराव परुळेकर वारल्यांच्या मुलखात गेले. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, आता वेठ नाही, लग्नगडी नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड हे नाव आजही घेतलं जातं. गोदावरीबाईंनी हे सगळं नंतर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहिलं, १९७० साली.

हा गोळीबार झाला तेव्हा तलासरी भागातच जन्मलेला एक मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. त्याचं नाव जिव्या.

जिव्या सोमा म्हसे

जिव्याचा जन्म १९३४ च्या सुमाराचा. आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने पोर बोलेनासंच झालं. सांगतात की काही हवं-नको असेल तर तो मातीत बोटाने चित्र काढून दाखवायचा. पुढे तो डहाणू तालुक्यात गंजाड गावी राहू लागला आणि सवाशिणींचं काम, म्हणजे भिंतीवरचं चित्र, त्याच्या हातात येऊन बसलं. पुरुषाने असं रोज, मनाला येईल तेव्हा चित्र काढणं रीतीत बसणारं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार ह्या पाड्यांवर आले. त्यांनी आधी बिहारमध्ये, १९६६-६७ च्या दुष्काळात, मधुबनीच्या बायकांना कागद दिले होते, भिंतीवरची चित्रं कागदावर काढा म्हणजे चार पैसे मिळतील म्हणून. तोच कागद ते आपल्याकडे घेऊन आले. बायकांनी काढलं, आणि जिव्याने जे काढलं ते बघून कुलकर्णी चाट पडले.

१९७५ मध्ये जिव्याची चित्रं मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये लागली. केकू आणि खोर्शेद गांधी यांची ही गॅलरी तेव्हा जहांगीरच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरचं जगभरातल्या शंभरावर कलाकारांचं मोठं प्रदर्शन, त्यात जिव्या. २००३ मध्ये जर्मनीत रिचर्ड लाँग ह्या ब्रिटिश कलाकाराबरोबर. २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले.

काय मिळालं, काय सुटलं?

मिळालं ते मोठं आहे, ह्यात वाद नाही. ज्या समाजाला कालपर्यंत वेठीला धरलं जात होतं, त्याच्यातल्या माणसाचं नाव चित्राखाली लागलं. कागदावर आल्यामुळे चित्र टिकलं. विषयही वाढले. मासे धरायचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारप्याचा नाच, शेती, पाऊस. लग्नाच्या चौकात मावली नसती अशी अख्खी दुनिया जिव्याने कागदावर आणली. आणि हातात पैसा आला, तो सावकाराकडून न आणता.

सुटलं काय? एक म्हणजे बायकांची नावं. पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या सवाशिणी कोण होत्या, आपल्याला माहीत नाही. भिंतीवर सही करायची पद्धतच नव्हती. गॅलरीला मात्र सही लागते, मुंबईला एकट्याने जाणारा माणूस लागतो, आणि तेव्हा ते पुरुषांनाच जमलं. आज पुष्कळ मुली आणि बाया विकण्यासाठी चित्रं काढतात, पण सुरुवातीची पानं कोरीच राहिली.

दुसरं म्हणजे अर्थ. उशीच्या अभ्र्यावर, चहाच्या कपावर, हॉटेलच्या भिंतीवर काड्यांची माणसं नाचताना दिसतात. छापणाऱ्याला पालघट देवी ठाऊक नसते. वारली चित्राला आता जीआय मिळाला आहे, म्हणजे हे नाव कुठल्या भागाचं आणि कोणाचं, त्याची सरकारदरबारी नोंद आहे. पण कपावरचं चित्र नक्की कोणाच्या हातचं, हे आपण विकत घेताना विचारतो का?

घारापुरीचा हत्ती आणि दिवा

जाता जाता आणखी एका बेटाबद्दल. गेटवेवरून लाँच पकडली की घारापुरी. तिथल्या लेण्यांतली शिवाची त्रिमुखी मूर्ती सगळ्यांना माहीत असते. पूर्वी त्या बेटावर दगडाचा एक भलामोठा हत्ती होता, त्यावरूनच पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव पाडलं. इंग्रजांच्या काळात तो हलवताना फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात आहे. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावरच नाही!

ही लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. आणि त्याच बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ह्या वस्त्यांत कायमची वीज कधी आली? २०१८ मध्ये. समुद्राखालून केबल टाकून. समोर मुंबई रात्रभर लखलखत होती, जगभरचे लोक दिवसा येऊन मूर्ती बघून जात होते, आणि संध्याकाळी शेवटची लाँच सुटली की गावात जनरेटरचे थोडे तास आणि मग अंधार.

मला ही गोष्ट वारली चित्रासारखीच वाटते. कला बघायला जग येतं, पण ती ज्यांच्या अंगणात आहे त्यांच्याकडे बघायला त्याला बराच वेळ लागतो.

मग आपण काय करायचं?

एकदा सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी पकडा. कल्याणहून फास्ट लोकल, सीएसएमटीला उतरा, फोर्टातून चालत काळा घोडा. आधी जहांगीर, फुकट आहे. चित्र आवडलं नाही तर नाही म्हणा, कळलं नाही तर तिथेच बसलेल्या चित्रकाराला विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात. मग शेजारचं वस्तुसंग्रहालय, तिथे तिकीट आहे. वेळ उरला तर भायखळ्याला उतरून हत्तीला भेटा, मात्र संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आधी फोनवर बघून घ्या.

आणि परत आलात की उलट्या दिशेनेही जा. धसईच्या पुढे सोनावळ्याकडे गणपती गडद नावाची कोरीव लेणी आहेत, सह्याद्रीच्या कड्याखाली. तिथे ना तिकीट, ना दार. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथली घोंगडी निरखून बघा. आणि एखाद्या पाड्यावर लग्नाला बोलावणं आलं, तर चौकासमोर उभं राहून फोटो काढायच्या आधी एक प्रश्न विचारा, ‘हा कोणी काढला?’ नाव सांगतील. ते लिहून ठेवा, त्या बाईची परवानगी असेल तर फोटोखाली टाका. भिंत पुढच्या वर्षी सारवली जाईल, पण नाव तरी राहील.

आजच्यासाठी एवढंच, मंडळी. तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या कोणाला चौक काढताना पाहिलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू मग. काळजी घ्या.