अनारशावरची खसखस आणि आत्याची गोळी

दिवाळीत अनारशाला आपण जी खसखस लावतो, ती अफूच्या बोंडातली असते. त्या बियांनी काही होत नाही. नशा असते ती हिरव्या बोंडाला चिरा पाडल्यावर निघणाऱ्या चिकात. त्याच चिकापासून मॉर्फिन मिळतं. पत्रकारितेत दहा-बारा वर्षं काढल्यावर, 2009 साली मला हे कळलं. तेही घरात वेळ आली म्हणून.

आत्याला तोंडाचा कॅन्सर होता. आयुष्यभराची मिश्री. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, दुखणं कमी ठेवू. चिठ्ठीवर मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी एक. आमच्या तालुक्यात मिळेना, जिल्ह्यातही मिळेना. आतेभाऊ दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या एसटीने मुंबई गाठायचा. पावसाळ्यात एकदा घाटात दरड कोसळली, तो दीड दिवस अडकला. ते दीड दिवस आत्या भिंतीला डोकं टेकून बसली होती. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे ओरडणंही नाही.

ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, लायसन्सचं झंगट एक, आणि वर तुम्ही. मागच्या वर्षी 'औषधाच्या दुकानात नशेचा बाजार' कोणी छापलं होतं?"

मीच छापलं होतं. बातमी होती 'बटन गोळी'ची, म्हणजे झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्यांची. मॉर्फिनचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पण हेडिंग मी सगळ्यांना एकाच पोत्यात भरून दिलं होतं.

तेव्हापासून हा विषय वाचत आलोय. मित्रांनो, अफूचा आणि आपला संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. बंगालमधली अफू कंपनी सरकारच्या मुठीत होती, माळव्यातली नव्हती. मग सरकारने मुंबईला जाणाऱ्या पेट्यांवर पास-फी बसवली आणि आपला वाटा काढला. सर जमशेटजी जीजीभाईंनी याच चीनच्या व्यापारात, कापूस आणि अफूत, अफाट पैसा कमावला आणि दानही तेवढंच केलं. 1845 मध्ये सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. पुढे गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या लेकराला अफूची 'बाळगोळी' चाटवून जायच्या. रडू नये म्हणून.

मॉर्फिन वेगळं काढलं ते 1805 च्या सुमारास, झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मनीतल्या एका तरुण औषधवाल्याने. ते काम कसं करतं हे कळायला मात्र 1973 उजाडलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत काही कुलपं असतात, त्यांत मॉर्फिनची किल्ली बसते आणि दुखण्याचा निरोप मंदावतो. पण तशीच कुलपं श्वास चालवणाऱ्या भागातही असतात. म्हणून डोस बेसुमार झाला की श्वास थांबतो.

यावर उताराही आहे. नॅलोक्सोन. 1961 मध्ये अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला, 1971 मध्ये त्याला तिथे मंजुरी मिळाली. ही किल्ली त्याच कुलपात बसते, पण फिरत नाही. मॉर्फिनला बाहेर ढकलते आणि थांबलेला श्वास काही मिनिटांत परत येतो. असर तास-दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णाला दवाखान्यात न्यावंच लागतं. म्हणजे ज्या औषधाला आपण एवढे घाबरतो, त्याचा उतारा पन्नास वर्षांपासून आहे.

मग आत्याला गोळी का मिळाली नाही? 1985 चा एनडीपीएस कायदा. हेतू चांगला होता, नशेचा व्यापार मोडायचा. पण मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागायचे, तेही एकाच वेळी चालू असलेले. नोंदीत चूक झाली तरी जेलची भीती. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला वैद्यकीय वापर पुढच्या काही वर्षांत 90 टक्क्यांहून जास्त घसरला. डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरताच शिकून बाहेर पडल्या. आणि गंमत बघा, त्याच काळात नीमच, मंदसौर, चित्तोडगडच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकत होती आणि परदेशी औषध कंपन्यांना विकली जात होती.

अमेरिकेत नेमकं उलट झालं. 1980 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र आलं की दवाखान्यात अशी औषधं दिलेल्यांना व्यसन क्वचितच लागतं. पत्र दाखल रुग्णांपुरतं होतं. ते सगळ्यांना लागू करून दाखवलं गेलं. 1996 मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं, व्यसनाचा धोका कमी सांगून विकलं आणि 2007 मध्ये कोर्टात तसा गुन्हा कबूलही केला. पुढे हेरॉइन आणि फेंटानिल आलं. 2021 आणि 2022 मध्ये तिथे दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसने मेली, त्यात बहुतेक याच जातीच्या औषधांनी. तिकडे पाच वाक्यांनी घात केला, इकडे माझ्यासारख्यांच्या हेडिंगनी.

दुसरे मार्ग नाहीत असं नाही. हाडात पसरलेल्या कॅन्सरला रेडिएशनने आराम पडतो, काही दुखण्यांत नस बधिर करता येते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन हे मेंदूऐवजी बाहेरच्या नसांवर काम करणारं नवं औषध मंजूर झालं. पण ती मंजुरी थोड्या काळाच्या तीव्र दुखण्यापुरती आहे. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरला आजही मॉर्फिनच लागतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून कालिकतमध्ये हे करून दाखवलं. घरोघरी स्वयंसेवक, नीट नोंदी, तोंडाने घ्यायची मॉर्फिन. बरीच वर्षं पाठपुरावा झाल्यावर 2014 मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेलं रुग्णालय मॉर्फिन ठेवू शकतं, पाच दारं फिरावी लागत नाहीत.

आत्या 2010 च्या संक्रांतीआधी गेली. तिच्यासाठी हा बदल चार वर्षं उशिरा आला.

कायदा बदलला, पण आपल्या जिल्ह्यात ही मान्यता किती रुग्णालयांकडे आहे आणि प्रत्यक्ष साठा किती आहे? या महिन्यात माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथेच टाकेन. तुमच्या घरात कोणी असं दुखणं काढलं असेल तर गोळी कुठे मिळाली, किती फिरावं लागलं, ते कमेंटमध्ये लिहा. पेशंटचं नाव लिहू नका. आणि मेडिकलवाल्या भाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर ते हेडिंग चुकलं होतं. उशिरा का होईना, कबूल करतो.