पाण्याची वाटणी झाली, सीमेची का नाही?

संशोधनाचा विषय निवडताना बरेच जण "अमुक मिळालं तर तमुक वाद सुटेल का?" असा प्रश्न घेऊन येतात. सायप्रस बेटाबद्दल हा प्रश्न फार विचारला गेला. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे: दक्षिणेत ग्रीक सायप्रियट, उत्तरेत तुर्की सायप्रियट. २०११ मध्ये दक्षिणेच्या समुद्रात 'ॲफ्रोडाइट' हा नैसर्गिक वायूचा साठा सापडला. अनेकांना वाटलं, आता पैशासाठी तरी दोघं एकत्र येतील. तसं झालं नाही. का, ते समजून घ्यायला आपल्या कोल्हापूरजवळची निपाणी बघा.

१९५६ साली संसदेने दोन कायदे केले. राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव-निपाणीचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आंतरराज्य जलविवाद कायद्याने नद्यांच्या भांडणासाठी लवाद नेमायची सोय झाली.

कृष्णेसाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला. त्याच्या निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी पाणी ठरलं. याच खोऱ्यात, राधानगरी तालुक्यात दूधगंगेवर काळम्मावाडी धरण आहे. हा दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प, त्यात कर्नाटकाचा वाटा ४ टीएमसी. कुरबुरी होतात, पण पाणी जातं.

सीमेसाठी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर तिकडेच राहावं, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

म्हणजे पाणी वाटून सीमावाद सुटला नाही, आणि सीमावादामुळे पाण्याची वाटणीही थांबली नाही. याचं एक कारण सोपं आहे. पाणी टीएमसीत मोजून देता येतं, गाव कुठल्या राज्यात हे निम्मं-निम्मं करता येत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: पाण्यासाठी निवाडा बंधनकारक असलेला पंच होता, महाजन आयोगाकडे फक्त शिफारस होती.

आता सायप्रसकडे या. तिथे असा दोघांना मान्य पंचच नाही. दक्षिणेचं सरकार तुर्कस्तान मानत नाही, उत्तरेचं सरकार तुर्कस्तानशिवाय कोणी मानत नाही. वायूच्या करारावर सही करायची तर आधी समोरच्याला मान्यता दिल्यासारखं होतं. मग वायू मूळ भांडणातच ओढला गेला. २०१९ मध्ये तर तुर्कस्तानने आपली ड्रिलिंग जहाजं तिथे पाठवली.

भाषा एक असली की वाटणी सोपी होते, असंही समजू नका. इचलकरंजीसाठीच्या सुळकूड पाणी योजनेला त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला.

म्हणून तुमच्या आराखड्यात "संपत्तीने वाद सुटेल का?" एवढंच लिहू नका. वाटणीचा नियम कोणी केला, तो दोघांवर बंधनकारक आहे का, आणि तो मान्य करताना कोणाला मूळ दावा सोडावा लागतो का, हे तीन प्रश्न लिहा. मग पुरावा कुठे शोधायचा ते आपोआप कळायला लागतं.